तेवीस किलो चारशे ग्रॅम

—नाही हो ताई, बंद कुठे, उघडंच आहे, शटर अर्धं खाली आहे एवढंच, या वाकून, डोकं सांभाळा. ती चिठ्ठी वाचलीत ना बाहेरची? 'मालक परदेशी गेले आहेत, दुकान पंधरा दिवस बंद' — ती मीच चिकटवली, मालकही मीच, आणि परदेशी काही गेलो नाही हे तुम्हाला दिसतंच आहे. काढायला हवी. रोज काढतो काढतो म्हणतोय. पण काढायची म्हणजे बाहेर उभं राहून काढायची ना, आणि समोर तो चष्मेवाला बसतो, शेजारी चावीवाला, दोघांनी मला मिठी मारून निरोप दिलाय, चावीवाल्याच्या डोळ्यांत तर पाणी होतं — आता त्यांना काय सांगू, आलो परत? अर्ध्या दिवसात? असो. ठेवा तो काटा इथे. बेकरीतला ना? मैदा गेलाय आत, सांगतो ना तुम्हाला, न उघडता सांगतो. शून्यावर येत नाही, काही न ठेवता वीस-तीस ग्रॅम दाखवतो, बरोबर? बसा तुम्ही, त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो, खुर्चीवर बसा. अर्धा तास लागेल. अडतीस वर्षं काटेच दुरुस्त करतोय, सोनाराच्या काट्यापासून भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत, अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

विमानाचं ना? विचारा की, विचारा. तुम्ही नाही विचारलं तरी तोंडावर दिसतंय तुमच्या. मुलीचं लग्न होतं माझ्या. होतं म्हणजे — झालं. परवा झालं. तिकडेच, नोंदणी कचेरीत, पंधरा-वीस माणसं, तिच्या ऑफिसातली आणि जावयाकडची, आणि आमच्याकडून मी एकटा जाणार होतो. मुलाला रजा नाही, सूनबाईंची शाळा, नातीची परीक्षा. म्हणजे आमच्याकडून एक माणूस. तो पण पोचला नाही. का पोचला नाही? तर व्हिसा नाही म्हणून. अहो होता, जिथे जायचं तिथला होता, चांगला शिक्का मारलेला. मध्ये जिथे विमान बदलायचं तिथला नव्हता. मी म्हटलं, बाई, मी तिथे राहणार नाही, मला तिथलं काही बघायचंसुद्धा नाही, मी ह्या विमानातून उतरणार आणि त्या विमानात बसणार. तर म्हणे, काका, त्यालाही लागतो. ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. आता मला सांगा, दुसऱ्याच्या अंगणातून नुसतं पलीकडे जायचं तर त्यालाही परवानगीचा कागद? तर हो, लागतो. सगळ्यांना नाही, काहींना लागतो. मला कुणी सांगायला नको? कुणी सांगितलंच नाही. मी तर सगळ्यांना हेच सांगितलंय, कुणी सांगितलंच नाही.

हे बघा, निघाला मैदा. हे एवढं. ब्रश द्या जरा तो, तुमच्या हाताशी आहे — हां. आणि खरं सांगायचं तर ताई, ती काउंटरवरची मुलगी मला सोडत होती हो. हेच मनाला लागतं. तिनं बॅग घेतली, पट्ट्यावर ठेवली, आकडा आला तेवीस पूर्णांक चार. तेवीस किलो न्यायची मुभा, चारशे ग्रॅम जास्त. ती म्हणाली, असू दे काका, चालेल. हसून म्हणाली, माझ्या नातीपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी असेल फार तर. आता दुसरा कुणी असता तर थँक्यू म्हणून पुढे गेला असता की नाही? गेलाच असता. मी म्हटलं, चालेल म्हणजे? माझी बॅग तेवीसच आहे. तुमचा काटा चुकलाय. ती म्हणाली, अहो मी सोडतेय ना. मी म्हटलं, सोडायचा प्रश्नच नाही, मी ही बॅग माझ्या दुकानात, ह्या इथे, ह्या काट्यावर, सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून, काटा तपासून मग मोजली आहे, तेवीस म्हणजे तेवीस, ग्रॅमचा फरक नाही. मागे ही एवढी रांग. मी तिला विचारतोय, काटा शेवटचा तपासला कधी? शिक्का कुठाय? सील दाखवा. अहो, विमानाला जायला आलो होतो का धाड घालायला? पण सवय, ताई. कुणी माझ्यासमोर चुकीचा आकडा दाखवला की माझं डोकंच फिरतं. शेवटी तिनं बिचारीनं साहेबाला बोलावलं. साहेब आला, चांगला माणूस, टाय लावलेला, म्हणाला कागद द्या बघू. काट्यासाठी आला आणि कागद बघत बसला. पुढचं तिकीट बघितलं. म्हणाला, हे दुसऱ्या कंपनीचं आहे. बॅग तिथे तुम्हाला बाहेर जाऊन घ्यावी लागेल, पुन्हा द्यावी लागेल. बाहेर जायला व्हिसा लागेल. तो कुठाय? झालं. संपलं.

म्हणजे बघा, वाद घातला नसता तर निदान इथून तरी उडालो असतो. तिथे अडवलं असतं कदाचित, अडवलंच असतं, तो साहेब तसंच म्हणाला. पण इथे, सगळ्यांसमोर, मुलासमोर नसतं झालं.

आणि काटा त्यांचा बरोबर होता.

हो. बरोबर होता काटा. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही काही माझ्या नात्यातल्या नाही. बॅग मी दुकानात मोजली आदल्या दिवशी, तेव्हा तेवीस होती. मग निघायच्या दिवशी सकाळी एक वस्तू घातली तिच्यात. एक फोटो. मंडळींचा, म्हणजे माझ्या बायकोचा, माझ्या खोलीत भिंतीवर असतो, काचेची फ्रेम आहे. चारशे ग्रॅम होणारच. आणि हे मला तिथे उभं असतानाच आठवलं, ताई. त्या मुलीला सील दाखवा म्हणत होतो ना, अगदी त्याच वेळी आठवलं. आणि तरी मी थांबलो नाही. कसा थांबणार? थांबलो असतो तर सांगावं लागलं असतं, माझंच चुकलं, सकाळी फोटो घातला. आणि मुलगा पास काढून आत सोडायला आला होता, मागे कठड्याला टेकून उभा होता, ऐकत होता सगळं. अडतीस वर्षांत मी बरोबर काट्याला कधी खोटं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, फोटो कशाला हवा लग्नाला? म्हणा ना. बायकोचा फोटो मुलीच्या लग्नाला नेला, छान दिसलं असतं, आई पण आली असं झालं असतं — मी पण हेच सांगणार होतो कुणी विचारलं तर. तयारच ठेवलं होतं उत्तर. पण थंडीचे कपडे? दोन्ही स्वेटर? ते ठीक आहे, तिकडे थंडी असते. मग उन्हाळ्याचे सदरे सगळे? बँकेची पासबुकं, डॉक्टरची फाइल, जुनं पांघरूण, पावसाळी चपला — पंधरा दिवसांच्या लग्नाला कोण पावसाळी चपला नेतं हो? मुलीला द्यायचं म्हणाल तर तिच्या आईचं मनगटी घड्याळ, एवढंच, आणि ते माझ्या खिशात होतं. बॅगेत सगळा मीच होतो. कपाट मोकळं केलं होतं मी. परत यायचंच नव्हतं.

नाही नाही, तसं काही नाही. हेच लोक लगेच म्हणतात, सुनेनं छळलं असेल. काही नाही हो, सोन्यासारखी सून आहे, गरम जेवायला वाढते, गोळ्या आठवणीनं देते. मुलगा तर बोलतच नाही फारसा, चांगला आहे. मग काय झालं? काही झालं नाही. दोन खोल्यांचं घर, एक माझी. नात मोठी होतेय. एकदा दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो आणि बाहेर दोघं हळू बोलत होती — तिला आता अभ्यासाला स्वतःची खोली हवी, मग बाबांचं कसं करायचं? कसं करायचं, एवढंच म्हणाले. वाईट बोलले नाहीत, विचार करत होते. पण मला ते लागलं. म्हटलं, आपल्याला कुणी जा म्हणायच्या आधी आपणच गेलेलं बरं. मुलीकडे लग्नाला जायचं, पंधराचे महिनाभर करायचे, मग म्हणायचं तब्येत बरी नाही, प्रवास झेपणार नाही, राहतो. असा बेत. मुलीला विचारलं का? नाही. जावयाला? त्याला तर मी फोनवरच बघितलाय. नवीन लग्न झालेली दोघं, एका खोलीचं घर, आणि बाप पावसाळी चपला घेऊन दारात. आता बोलताना माझं मलाच कसंतरी होतं. तेव्हा वाटत होतं, किती समजूतदार आहोत आपण.

तो पाना द्या जरा. छोटा, छोटा. हं.

बरं, तो साहेब चांगला होता म्हटलं ना? त्यानं मार्ग काढला होता हो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो म्हणाला, काका, बॅग नसेल तर तुम्हाला बाहेर पडायलाच नको. हातातली पिशवी घेऊन आतल्या आत विमान बदला, त्याला व्हिसा लागत नाही. बॅग मुलाकडे द्या आणि चला, वीस मिनिटं आहेत. एवढं सोपं. त्यानं मुलाला काउंटरजवळ बोलावलं, सांगितलं. मी म्हटलं, बॅगेत सामान आहे मुलीचं. साहेब म्हणाला, हवं ते काढून घ्या, इथेच उघडा, मी थांबतो. इथेच उघडा! खाली फरशीवर, रांगेसमोर, मुलासमोर. मी बॅगेची कडी दोन्ही हातांनी धरली, बघा अशी. आणि मुलगा म्हणाला, द्या बाबा. मी नेतो घरी. तशीच ठेवतो तुमच्या खोलीत. उघडत नाही मी.

उघडत नाही मी. असं म्हणाला. का म्हणाला असं? आपण कुणाची बॅग घेतो तेव्हा उघडत नाही असं म्हणतो का? नाही म्हणत. त्याला माहीत होतं, ताई. सकाळी बॅग उचलायला तोच आला होता ना खोलीत. कपाटाचं दार नीट लागत नाही, रिकामं असलं की उघडंच राहतं. आणि भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा. त्यानं बघितलं असणार, सूनबाईंनीही बघितलं असणार, आणि दोघंही गाडीत माझ्याशी गप्पा मारत आली होती — बाबा, तिकडे थंडी असते, स्वेटर घेतलाय ना? घेतलाय, म्हटलं. दोन्ही? दोन्ही. चांगलं केलंत, सूनबाई म्हणाली.

तर ती बॅग त्याच्या हातात देणं म्हणजे — मला नाही जमलं. मी काय केलं माहितीये? मी ओरडलो. त्याच्यावर. म्हटलं, तूच कागद नीट बघितले नाहीस, एक काम सांगितलं होतं, बापाला असं लोकांसमोर उभं केलंस. बेचाळीस वर्षांचा मुलगा, ताई, बँकेत अधिकारी, हाताखाली माणसं आहेत त्याच्या. सगळी रांग बघतेय. आणि तो म्हणाला, हो बाबा, माझंच चुकलं, पण आता द्या बॅग आणि जा, ती वाट बघतेय. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, बॅगेशिवाय जाणार नाही. साहेबानं घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं, मग म्हणाला, सॉरी काका, काउंटर बंद झाला. तेवीस किलो चारशे ग्रॅम मुलानं उचलले, गाडीत टाकले, आम्ही घरी आलो. नात तेवढी खूश. तिला वाटलं मी जाऊनच आलो, विमानतळावरून बॅग आली म्हणजे काहीतरी आणलंच असणार. तीन दिवस विचारतेय, आजोबा, उघडा ना, माझ्यासाठी काय आहे?

थांबा, शून्यावर आला. बघा. हे एक किलोचं वजन ठेवतो. एक किलो. पाच ठेवतो. पाच. बरोबर आहे आता.

बसा ना, झालंय तसं, पण बसा दोन मिनिटं. एक राहिलंच. परवा लग्न झालं ना, तर मुलानं फोन टेबलावर उभा करून ठेवला होता, आम्ही सगळे समोर बसलो, बाकीचे चांगले कपडे घालून. तिकडे त्यांनीही फोन खुर्चीवर ठेवला, पहिल्या रांगेत, माझ्या खुर्चीवर. सही केली, टाळ्या वाजल्या, मग ती फोनजवळ आली. लाल झालेले डोळे. सगळ्यांना सांगतेय, हे माझे बाबा, ह्यांना अडवलं, ह्यांची काही चूक नाही. तिकडचे लोक माना हलवतायत, अरेरे म्हणतायत. मी पण मान हलवली. मग ती म्हणाली, पण बाबा, मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं ना मोठी बॅग आणू नका, बॅग नसली तर व्हिसा लागत नाही, फक्त हातातली पिशवी आणा —

हो. सांगितलं होतं. मघाशी मी कुणीच सांगितलं नाही म्हणालो, ते खरं नाही. तिनं सांगितलं होतं. तीनदा. एकदा लिहूनही पाठवलं. पण तिकिटावर तेवीस किलो छापलं होतं, आणि मला तेवढंच वाचायचं होतं.

तर ती म्हणाली, तुम्ही दादाला सांगितलं होतंत ना हे? आणि मी — ताई, माझ्या शेजारी बसला होता तो. खांद्याला खांदा लागत होता. मी म्हटलं, सांगितलं होतं गं. असं म्हटलं मी. मग ती त्याला बोलली. लग्नाच्या कपड्यांत, सगळ्यांसमोर, म्हणाली, दादा, एक काम होतं तुला, बाबांना नीट पाठवायचं, तेवढंही तुझ्याच्यानं झालं नाही, आयुष्यात विसरणार नाही मी. आणि फोन बंद केला तिनं. मला वाटलं आता हा बोलेल. बोलायलाच हवं होतं त्यानं. सूनबाई बघत होती त्याच्याकडे. तो उठला, म्हणाला, नेट गेलं वाटतं. दोन दिवसांत तिनं त्याचा एक फोन उचललेला नाही. मला मात्र रोज करते. बाबा, जेवलात का?

तुम्ही काय बघताय, बाह्या? हो, लांब आहेत, दोनदा दुमडल्यात. माझा नाही हा शर्ट. माझे सगळे बॅगेत, आणि बॅग मी अजून उघडलेली नाही. उघडली तर ते कपडे कपाटात परत लावावे लागतील ना, त्यांच्या देखत, एकेक करून. आल्यापासून प्रवासातलेच अंगावर ठेवले. आज सकाळी अंघोळ करून आलो तर पलंगावर हे ठेवलेलं, इस्त्री केलेलं. मुलाचे दोन शर्ट, एक पायजमा, रुमाल सुद्धा. मी घालून बाहेर आलो तर मुलगा बूट घालत होता, त्यानं वर बघितलं आणि एवढंच म्हणाला, बसतोय ना बाबा? मी म्हटलं, बसतोय. तो गेला कामाला.

काय म्हणालात? मुलीला फोन? आत्ता? आत्ता ती उठली असेल, तिकडे सकाळच आहे, पण — नाही, सांगायचं काय त्यात अवघड, दादाला मी काही सांगितलंच नव्हतं, एवढं म्हणायचं. एवढंच आहे. मग ती विचारेल, का नाही सांगितलंत, बॅगेत काय होतं एवढं. मग ते सांगायचं. मग ती म्हणेल, म्हणजे इकडेच राहायला येत होतात? असं विचारलं की मला — तुम्ही असं बघू नका हो ताई माझ्याकडे. लावतो. लावतो म्हटलं ना. हा घ्या तुमचा काटा, खालून धरा, दोन्ही हातांनी. नाही, पैशाचं नंतर बघू, तुम्ही या आता. रागावलो नाही, खरंच नाही. तुमच्यासमोर नाही व्हायचं माझ्याच्यानं. या.